प्रोस्टेटचा कर्करोग : आधी अवस्था, मग खर्च

कर्करोगाचे नाव निघताच रुग्णाचे आप्त आमच्या कार्यालयात येऊन प्रथम खर्चाचे अंदाजपत्रक मागतात. मागणी रास्त आहे. परंतु प्रोस्टेटच्या कर्करोगात रोगाची अवस्था ठरल्यावाचून ते देता येत नाही. म्हणून ही माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी येथे देत आहोत.

धोका कोणाला?

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी होय. पन्नाशीनंतर तिच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. वडील अथवा सख्खा भाऊ यांना हा रोग झाला असल्यास तो सुमारे दुप्पट होतो. लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे ही लक्षणे बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीची असतात. प्रारंभीचा कर्करोग सहसा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. साध्या वाढीसाठी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झालेल्यांनीही निर्धास्त राहू नये. त्या शस्त्रक्रियेत ग्रंथीचा बाहेरचा भाग शिल्लक राहतो व कर्करोग बहुतांशी तेथेच उद्भवतो.

निदान कसे होते?

रक्तातील पीएसए ४ नॅनोग्रॅमपेक्षा अधिक आले म्हणजे कर्करोगच झाला, असे नव्हे. साधी वाढ, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे यांमुळेही ते वाढते. डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी व आवश्यक तेथे एमआरआय यांनंतर सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासतात. सुई लागली की रोग पसरतो, या भीतीने काही कुटुंबे बायोप्सी टाळतात. ही भीती अनाठायी आहे. बायोप्सीच्या अहवालातील ग्लीसन गुणांक ६ ते १० असतो. तो जितका अधिक, तितका रोग आक्रमक.

अवस्था का महत्त्वाची?

पहिल्या दोन अवस्थांत रोग ग्रंथीपुरता असतो, तिसरीत तो बहुधा तिचे आवरण ओलांडतो आणि चौथीत लसिकाग्रंथी वा हाडांपर्यंत पोहोचतो. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता रोग असलेल्या १,६४३ रुग्णांची शस्त्रक्रिया, किरणोपचार व नियमित देखरेख अशा तीन गटांत विभागणी करण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या रोगाने झालेले मृत्यू सुमारे ३ टक्केच होते. तेव्हा कमी धोक्याचा रोग आढळल्यास घाईने शेत वा दागिने विकण्याचे कारण नाही; डॉक्टरांच्या सल्ल्याने विचारास वेळ मिळतो.

पसरलेल्या रोगात पुरुष संप्रेरक रोखणे हा मूळ उपचार. त्यासाठी अंडग्रंथी काढण्याची लहानशी शस्त्रक्रिया एकदाच करतात किंवा ठरावीक अंतराने इंजेक्शने देतात. मूळ परिणाम सारखाच, खर्चात मात्र मोठे अंतर. अशा रुग्णास पाठदुखीसह पायांत अशक्तपणा जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालयात आणावे.

आमचे निवेदन

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. संबंधितांनी उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका तपासणीच्या वेळीच सोबत आणावी. दानशूर व्यक्ती शस्त्रक्रियेसाठी सढळ हाताने साहाय्य करतात. निदानाच्या तपासण्यांसाठीही तसे साहाय्य व्हावे, ही नम्र विनंती. योग्य अवस्था कळली, तर आपला प्रत्येक रुपया योग्य उपचारास लागेल.