म्हशी विकून एआयची सीट?

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "सर, पर्सेंटाइल कमी आलाय, पण मॅनेजमेंट कोट्यातून एआय मिळतंय. घेऊ का?" घरी काय आहे विचारलं, तर वीस-बावीस म्हशी. फी कशी भरणार? "चार-पाच विकू." पोरानं शेणामुतात राबू नये, एवढंच वडिलांचं गणित. पोराला विचारायची कुणाला फुरसत नाही.

नीट, सीईटी, एमपीएससीवर वाचायला ढीगभर मिळेल. मी शेणावर बोलतो.

केंद्राच्या नियमानं शहरी गॅस कंपन्यांना सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये बायोगॅसचा वाटा राखणं बंधनकारक केलंय: 2025-26 साठी 1 टक्का, वाढत वाढत 2028-29 पासून 5 टक्के. इकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, गोठ्यातलं शेणपाणी गटारात, नाल्यात सोडू नका. एकाला शेण टाकायला जागा नाही, दुसऱ्याला गॅस हवाच आहे. मधला माणूस कोण?

बनास डेअरीनं गुजरातेत डीसाजवळ प्लांट उभारला. क्षमता रोज 40 टन शेण, त्यातून सुमारे 800 किलो सीएनजी. म्हणजे किलोभर गॅसला पन्नास किलो शेण! तेव्हा वीस म्हशींवर कर्ज काढून स्वतःचा सीएनजी प्लांट टाकायचं खूळ डोक्यात घेऊ नका. गावाचं शेण गोळा करणारी संस्था लागते, आणि शेण कुजवून गॅस करणारी टाकी सांभाळणारा जाणकार.

ही टाकी म्हणजे म्हशीचं पोटच. गोठा फिनेलनं धुऊन ते पाणी आत सोडलं, की जंतू मरतात आणि गॅस बसतो. थंडीत तो तसाही घटतो. हायड्रोजन सल्फाइड काढला नाही तर इंजिन गंजतं. उरलेली स्लरी खत म्हणून विकायची तर खत नियंत्रण आदेशाच्या निकषांत बसवावी लागते. गोठ्यात वाढलेला पोरगा हे शहरी इंजिनिअरपेक्षा लवकर उचलेल. सुरुवातीचा पगार आयटीएवढा नसेल, हेही ऐकून ठेवा.

या कामासाठी शिकायचं कुठं? उदगीर आणि पुसदजवळच्या वरूडला डेअरी टेक्नॉलॉजीचं बी.टेक. आहे. मेकॅनिकल किंवा केमिकलचा डिप्लोमाही चालतो.

म्हशी विकण्याआधी पोराला एखादा चालू प्लांट दाखवा. सोबत हवं तर आईला पाठवा, वडिलांनी घरीच थांबावं. वास सहन झाला नाही, तर ते पोरगा सांगेल.