दुरुस्तीच्या धंद्यात उतरणाऱ्या पुतण्यास

पुणे,
२ फेब्रुवारी

चि. बंड्या,

विनिपेगची नोकरी सोडून पुण्यात येतोस आणि स्वतःचा काँक्रीट-दुरुस्तीचा धंदा टाकतोस, हे वाचून बरं वाटलं. नव्या इमारती बांधणारे इथे पैशाला पासरी मिळतात. जुनी इमारत नीट दुरुस्त करणारा शोधावा लागतो. मात्र खचलेल्या स्लॅबखाली फोम भरून तो उचलायचं यंत्र कर्ज काढून आणायचं म्हणतोस, तो विचार सोड. कारण पुढे सांगतो.

विनिपेग वसलंय हिमयुगातल्या अगासी सरोवराच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीवर. त्यात तिथली थंडी अशी, की काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि वरच्या थराच्या खपल्या काढतं. म्हणून उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये ५ ते ८ टक्के हवेचे बारीक बुडबुडे मुद्दाम ठेवायचे आणि ताकद ३२ मेगापास्कल मागायची, हे तुझ्या हाडीमाशी भिनलं असेल. पुण्यात नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान १.७ अंश, तेही १७ जानेवारी १९३५ ला. इथे काँक्रीट गोठून फुटत नाही. बर्फाविषयी शिकलास ते बासनात बांधून ठेव. मातीविषयी शिकलास ते कामी येईल, पण आपल्या पावसाच्या वेळापत्रकाने.

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आक्रसते. पुण्यात पुष्कळ ठिकाणी खडक फार खोल नाही, आणि मोठ्या इमारतींचे कॉलम खडकावर उतरवलेले असतात. त्यांना या मातीचं सोयरसुतक नसतं. त्रास हलक्या बांधकामांना. हडपसर-मांजरीकडे शेतजमिनींवर उठलेले बंगले, रो-हाउस, कंपाउंडच्या भिंती, पार्किंगची जमीन, जिन्याच्या पहिल्या पायऱ्या. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती वाळून खाली बसते, पावसाळ्यात तीच वर उठते. तू मे महिन्यात फोम भरून पार्किंग लेव्हलला आणलंस, तर ऑगस्टमध्ये नेमका तिथेच उंचवटा येईल आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचे फोन सुरू होतील. इथला इलाज जुना आणि कंटाळवाणा आहे: काळी माती उपसून टाकायची, मुरूम थराथराने पाणी मारून दाबायचा, वर साधं काँक्रीट (पीसीसी). घराभोवती बाहेर उतार दिलेली फरसबंदी करायची, गच्चीच्या पाइपचं पाणी पायाशी न सोडता गटारापर्यंत न्यायचं, गळकी चेंबर बांधून काढायची. पुष्कळ घरांच्या भिंती एवढ्यावरच शांत होतात. नव्या बांधकामात पाया या मातीखाली नेता येत नसेल, तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, खाली फुगीर कंद असलेले पाइल आहेत. पण तो तुझा प्रांत नव्हे.

माती ओळखायची एक चाचणी मात्र तुझ्या हाताला बसू दे. ओव्हनमध्ये सुकवून चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवा काढायची आणि २४ तास हात लावायचा नाही. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलात ती १० मिलीलिटरच्या खुणेवर थांबली आणि पाण्यात १८ वर गेली, तर फुगवटा ८० टक्के. भारतीय मानकाच्या तक्त्यात ५० च्या आत फारशी काळजी नाही, १०० च्या वर धोका. गिऱ्हाइकासमोर दोन पात्रं शेजारी-शेजारी ठेवलीस की पुढचं बोलणं सोपं होतं. मी हे करून पाहिलंय. वकील असलेला बंगलेवालासुद्धा गप्प झाला.

आता भेगांकडे वळतो. भेग दिसली की मजुराचा हात आपोआप पुट्टीच्या डब्याकडे जातो. तो हात धरणं हे तुझं पहिलं काम. भेग कशाने पडली हे कळेपर्यंत ती बुजवू नकोस. मातीने पडलेली भेग बहुधा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघते. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर भिंतीचं टोक खाली चाललंय. खाली रुंद असेल तर मधला भाग बसतोय. सळई गंजून पडलेली भेग सरळ, सळईच्या रेषेतच जाते; तिच्या कडेला तपकिरी डाग असतो आणि हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार ऊन असतं. तापलेला गच्चीचा स्लॅब भिंतीवरून सरकतो. आणि कॉलम व विटांच्या सांध्यातली बारीक रेघ म्हणजे प्लास्टर करताना चिकन जाळी मारायचा कंटाळा. चौघांची औषधं वेगळी. मातीच्या भेगेला तर पावसाळ्याआधी आणि नंतर असं दोन्ही वेळा पाहिल्याशिवाय औषधच देऊ नये. दोन्ही बाजूंना बारीक खिळे ठोक, मधलं अंतर व्हर्नियरने मोज, भिंतीवर पेन्सिलने तारीख लिही. मे आणि सप्टेंबर. मालक म्हणेल, ‘दिवाळीच्या आत रंग काढायचाय.’ काढू दे की रंग, तुझी भेग सोडून.

गंजाची हकीकत वेगळी, आणि तुझं खरं पोट त्यावरच भरेल. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी इथल्या ज्या जुन्या सोसायट्यांची कामं तुझ्याकडे येतील, त्यांतल्या पुष्कळ सिमेंटच्या टंचाईच्या काळातल्या आहेत. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. ते फेब्रुवारी १९८२ मध्ये अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्ण उठलं. सिमेंटच्याच प्रकरणात जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांना महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, यावरून तेव्हा त्या पोत्याला काय मोल होतं ते समज. तेव्हाच्या मानकात आरसीसीला एम-१५ चालायचं, म्हणजे जागेवर सिमेंट, वाळू, खडी एकास दोनास चार. स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं १५ मिलिमीटर आवरण (कव्हर) पुरे समजलं जायचं. २००० च्या सुधारित मानकाने किमान एम-२० आणि २० मिलिमीटर केलं. कागदावरचे हे १५ प्रत्यक्षात किती उरले, हे छिन्नी लावल्यावरच कळतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो, काँक्रीटचा अल्कलीपणा जातो, सळईचं संरक्षण संपतं. मग ओल मिळाली की गंज. गंजलेलं लोखंड मूळच्या काही पट जागा मागतं आणि काँक्रीटला बाहेर ढकलतं.

हे किती आत गेलंय ते पाहायला ताजा तुकडा फोड, धूळ झटक आणि फिनॉल्फथॅलीनचा फवारा मार. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून शाबूत, रंग आला नाही तर तिथलं संरक्षण गेलं. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर नुसतं वरवर प्लास्टर करणं म्हणजे सभासदांचे पैसे भिंतीला फासणं. रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नकोस. त्याचा अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे जातो हे मानकच सांगतं, आणि कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कडक होत असल्याने जुन्या इमारतीत आकडा उगाच वर येतो. जोडीला अल्ट्रासोनिक चाचणी घे; सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग असेल तर काँक्रीट चांगलं, त्याच्या खाली असेल तर शंका घ्यायची.

छज्जे आणि गॅलऱ्यांपाशी मात्र थांब. छज्जा एका बाजूनेच धरलेला असतो, म्हणून त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावर पाय देऊन चालले की ती खाली दबते. वरून सगळं धडधाकट, आत सळई चुकीच्या जागी. अशा छज्ज्यावर लोक तीस वर्षं कुंड्या ठेवतात, वर पुन्हा ग्रिल बसवतात. खालून खपल्या पडू लागल्या म्हणून नुसत्या खालूनच भरायचं काम घेऊ नकोस. वरून एक पट्टा उघडून सळई किती खोल आहे ते पाहा. जागेवर नसेल तर छज्जा तोडून नवा घालावा लागेल, आणि ते तोंडावर सांग.

प्रत्यक्ष दुरुस्तीत घाई होते ती नेहमीच्याच जागी. आधी टेकू, मग ब्रेकर. सळईच्या मागे बोट फिरेल इतकं काँक्रीट काढायचं. अर्धी सळई आत गाडलेली ठेवून वरून भरलं तर गंज मागच्या बाजूने चालूच राहतो. कडा कटरने सरळ कापून घे, निमुळत्या ठेवलेल्या कडा आधी सुटतात. गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत काढ, सळई फार झिजली असेल तर जोडीला नवी बांध. झिंक प्रायमर, मग बाँडकोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर; बाँडकोट वाळल्यावर वर भरलंस तर तो जोड नव्हे, फट झाली. टँकरचं पाणी मिश्रणात घेण्याआधी तपासून घे. शेवटी गोणपाट आणि पाणी. क्युरिंगला आपल्याकडे सगळ्यात शिकाऊ पोरगा ठेवतात. तू तिथे जाणता माणूस ठेव.

गच्चीच्या गळतीला अजून एक कोबा, हा सल्ला तुला सोसायटीच्या प्रत्येक सभेत ऐकू येईल. चार इंच जाड विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतं. जिथे माणसं जाऊ शकतात त्या गच्चीवर माणसांचा भार म्हणून मानक धरतं दीडशे किलो. तीन वेळा कोबा घातलेल्या गच्च्या मी पाहिल्यात. जुना काढल्याशिवाय नवा घालायचा नाही, यावर तडजोड नको. मलबा खाली न्यायचा खर्च आधीच कोटेशनमध्ये धर.

पैशांचं थोडक्यात सांगतो. दुरुस्तीत किती फुटेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून एकगठ्ठा रकमेवर काम घेऊ नकोस. जाडीनुसार दर ठरव, रोज संध्याकाळी सोसायटीच्या समितीतल्या एका माणसाबरोबर मोजमाप वहीत लिही, दोघांची सही घे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाला ०.२५ टक्के सांगितलेत. किती सोसायट्या ते जमवतात ते तू पाहशीलच. निधी नाही म्हणून निम्म्या जाडीत भरून द्या म्हणाले, तर नमस्कार करून बाहेर पड. परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षा पट्टा, आणि खाली जाळी. यात गिऱ्हाइकाचं काही ऐकायचं नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांनी एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं ३ वर्षांनी एकदा व्हायला हवं. तुझ्याकडे दोन्ही कामं चालून येतील: तपासून अहवाल द्यायचं आणि दुरुस्ती करायचं. कुणी पुनर्विकासासाठी चांगल्या इमारतीला धोकादायक ठरवून मागेल, कुणी खिळखिळ्या कॉलमला अजून दहा वर्षं मागेल. ज्याने दुरुस्तीतून पैसे मिळवायचे त्याने तपासणीचा अहवाल देऊ नये. दोन्हीपैकी एकच निवड, आणि तिकीट काढण्याआधी कोणतं निवडलंस ते मला कळव.

सूनबाईस आशीर्वाद.

तुझा,
काका