गळ टाकण्याआधी तक्ता मांड

बाळा, माइनक्राफ्टच्या पाण्यात मासे फिरताना दिसतात ना, त्यांचा तुझ्या गळाशी काहीएक संबंध नाही. ते तुझ्या गळाच्या तरंगत्या बॉबरजवळ आले म्हणून तुला काही मिळत नाही आणि लांब गेले म्हणून तू काही गमावत नाहीस. गळाला काय लागणार हे एका तक्त्यावरून ठरतं, आणि तेही तू दोरी ओढतोस त्या क्षणी. तोवर काहीच ठरलेलं नसतं. इतकी वर्षं मी वर्गात संभाव्यता शिकवली, तेव्हा असा स्वच्छ तक्ता हाती असता तर माझं काम किती सोपं झालं असतं!

तो तक्ता समजून घे. मी जावा आवृत्तीचा सांगते. एका पिशवीत शंभर चिठ्ठ्या आहेत असं धर. ८५ वर ‘मासा’, १० वर ‘भंगार’, ५ वर ‘खजिना’. एक चिठ्ठी निघते, मग त्या गटाची आतली दुसरी पिशवी उघडते. माशांच्या पिशवीत ६० कॉड, २५ सामन, १३ पफरफिश आणि २ ट्रॉपिकल फिश. खजिन्याच्या पिशवीत सहा वस्तू, सगळ्यांना सारखी संधी: धनुष्य, मासेमारीची काठी, मंतरलेलं पुस्तक, नेम टॅग, नॉटिलस शंख आणि सॅडल.

तुला नेम टॅग हवाय. आधी खजिना लागला पाहिजे, शंभरात पाच. मग त्यातला सहावा हिस्सा. म्हणजे १२० खेपांत एक. गुणाकार करायचा कंटाळा कधी करू नकोस. दोन पिशव्यांमधून जाणारी वस्तू दिसते त्याहून कितीतरी दुर्मीळ असते.

आता इथे सगळे फसतात, म्हणून नीट ऐक. १२० खेपांत एक, याचा अर्थ १२० खेपा केल्या की एक मिळणारच असा नाही. १२० खेपांनंतर निदान एक नेम टॅग हाती असण्याची शक्यता ६३ टक्के. शंभर जणांनी इतकी मेहनत केली तर सदतीस जण रिकाम्या हाताने उठतील, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नसेल. ८३ खेपांना शक्यता निम्मी होते. २४० खेपांना ८७ टक्क्यांच्या जवळ. ३६० ला ९५. हे आकडे पाठ कर, कारण ते जवळपास सगळीकडे चालतात: ‘क्ष’ खेपांत एक असेल तर क्ष खेपांना ६३ टक्के, दुपटीला ८६-८७, तिपटीला ९५. दुर्मीळ वस्तूच्या मागे लागायचं तर तिप्पट वेळ हाताशी ठेवून बस. तेवढा नसेल तर त्या दिवशी बसूच नकोस.

आणि दोनशे खेपा कोरड्या गेल्या म्हणून दोनशे एकावी तुझ्यावर मेहेरबान होत नाही. निघालेली चिठ्ठी परत पिशवीत जाते. पुढच्या खेपेला पुन्हा १२० त एकच. ‘आता तर लागायलाच हवं’ असं मनात आलं की ओळख, ती आपली थकलेली आशा बोलतेय, आकडा नव्हे.

मग आपल्या हातात काय? पिशवी बदलणं. काठीवर ‘लक ऑफ द सी’ या मंत्राची तिसरी पातळी चढव. दर पातळीला खजिन्याच्या चिठ्ठ्या दोनने वाढतात, भंगाराच्या दोनने घटतात, माशांची एक कमी होते. तीन पातळ्यांनंतर ११ खजिना, ४ भंगार, ८२ मासे, एकूण ९७. खजिना ११.३ टक्क्यांवर गेला. नेम टॅग १२० ऐवजी ५३ खेपांत एक. तिप्पट धरलीस तरी १६० खेपा.

‘ल्यूर’ या दुसऱ्या मंत्राचं काम वेगळं, त्यात गल्लत करू नकोस. ल्यूर पिशवीला हातही लावत नाही, फक्त वाट पाहणं कमी करतं. एरवी मासा जवळ यायला ५ ते ३० सेकंद लागतात. दर पातळीला त्यातले ५ सेकंद जातात. पाऊस असेल तर साधारण पाचवा हिस्सा वेळ वाचतो. बॉबरच्या वर उघडं आकाश नसेल तर वेळ जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून गुहेत किंवा छपराखाली गळ टाकत बसू नये. एक साधन चिठ्ठ्या बदलतं, दुसरं तासाच्या खेपा वाढवतं. दोन्ही हवीत. ल्यूर नसताना एका खेपेला सरासरी वीस सेकंद धर: साध्या काठीने ३६० खेपांना दोन तास, लक असलेल्या काठीने १६० खेपांना तासाहून कमी.

जागेचं एक पथ्य आहे. २०२० मध्ये आलेल्या १.१६ आवृत्तीपासून बॉबरभोवती पाच बाय पाच लांबीरुंदीची आणि चार उंचीची मोकळी जागा लागते. दोन थर पाण्याचे, दोन वरचे. कमळाची पानं चालतात. एवढी मोकळीक नसेल तर खजिन्याची पिशवी उघडतच नाही. घरामागे खणलेल्या डबक्यात आयुष्य घालवलंस तरी नेम टॅग येणार नाही, तिथे शक्यता शून्य आहे. शून्याला कितीही खेपांनी गुणलं तरी शून्यच.

स्टारड्यू व्हॅलीत तर हे शून्य फारच जपावं लागतं. तिथला लेजंड मासा वसंतात, पाऊस पडत असताना, डोंगरातल्या तळ्यात आणि मासेमारीची पातळी १० झाल्यावरच लागतो. यातली एक अट चुकली की दिवसभर गळ टाक, तो नाहीच. म्हणून कुठल्याही नव्या खेळात पहिला प्रश्न ‘किती टक्के’ हा विचारायचा नाही. ‘कधी आणि कुठे शून्य नाही’ हा विचारायचा.

पोकेमॉन रुबी आणि सफायरमधला फीबास नावाचा पोकेमॉन मला सगळ्यात आवडतो. २००२ साली जपानमध्ये आलेले हे खेळ. रूट ११९ च्या नदीत पाण्याचे चारशेच्या वर चौकोन आहेत आणि त्यातल्या फक्त सहांवर फीबास लागतो. त्या सहांवर मात्र दर दोन पोकेमॉनमागे एक फीबास! दुर्मीळपणा नशिबात नाही, जागेत दडवलाय. इथे लोक एकाच चौकोनावर पाच-सहा वेळा गळ टाकून मग हलतात, आणि तिथेच वेळ जातो. विचार कर. एका चौकोनावर एक पोकेमॉन लागला आणि तो फीबास नव्हता, तर तो चौकोन योग्य असण्याची शक्यता निम्म्यावर आली. शेजारच्या न तपासलेल्या चौकोनाची अजून पूर्ण आहे. तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकेक पोकेमॉन लागू दे, पुढे सरक, कागदावर खूण कर, आणि सगळी नदी संपल्यावरच दुसरी फेरी. नुसतं ‘काही लागलं नाही’ ही खूण मोजायची नाही, काहीतरी लागलं तरच मोजायची. आणि फीबास सापडेपर्यंत खेळातल्या ड्यूफर्ड गावातला चालू वाक्प्रचार बदलू नकोस. तो बदलला की सहा चौकोनही बदलतात आणि सगळ्या खुणा पुसल्या जातात.

मघाशी म्हटलं, पिशवीला आठवण नसते. काही खेळांत मात्र मुद्दाम आठवण ठेवलेली असते. पोकेमॉन एक्स आणि वायमध्ये एकाच जागी उभं राहून न चुकता ओळीने मासे ओढत गेलास तर चमकत्या पोकेमॉनची शक्यता ४०९६ त एकवरून वाढत वाढत, साखळी विसाच्या आसपास पोचल्यावर, शंभरात एकपर्यंत जाते. एकदा उशिरा ओढलं किंवा जागेवरून हललास की साखळी तुटली. अशा ठिकाणी थकल्या हातांनी खेळू नये. नियम वाचून आधी ठरव, हा खेळ आठवण ठेवणारा की विसरणारा. आठवण ठेवणाऱ्यात मधेच उठणं महागात पडतं. विसरणाऱ्यात कधीही उठावं, काहीच बुडत नाही.

पैसे घेऊन सोडत काढायला लावणाऱ्या खेळांत हाच हिशेब रुपयांत मांड. अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ पासून आपल्या दुकानातल्या अशा खेळांना शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलंय, तेव्हा तो आकडा शोधून काढच. समजा एक टक्का लिहिलाय आणि एका सोडतीला पन्नास रुपये पडतात. तिपटीचा नियम लाव: तीनशे सोडती, पंधरा हजार रुपये. एवढं करूनही विसात एकाला ती वस्तू मिळत नाही. हा आकडा आईबाबांना मोठ्याने वाचून दाखव, मग ठरवा.

आणि माइनक्राफ्टमधल्या तुझ्या काठीवर ‘मेंडिंग’ हा मंत्र चढवायला विसरू नकोस. दर खेपेला १ ते ६ अनुभव-गुण मिळतात, एका गुणात काठीची झीज दोनने भरून निघते, आणि एक खेप काठीला एकनेच झिजवते. म्हणजे हातात धरून मासे ओढत राहिलास तर ती काठी मोडणारच नाही. आणि नेम टॅग ओसाड खाणींच्या आणि अंधारकोठड्यांच्या पेट्यांमध्येही मिळतो. पाऊस थांबला असेल तर तिकडे एक फेरी मारून ये.