डोक्याला मार लागलेल्या मुलाची झोप

मूल पोटमाळ्यावरून पडते, गाडीची धडक बसते. इस्पितळातून घरी आले की आपण म्हणतो, ‘वाचलं बाई!’ आणि मग रात्री सुरू होतात. मूल बारापर्यंत टक्क जागे, मध्येच दचकून रडते, सकाळी उठवत नाही, शाळेत डुलक्या घेते. शेजारीण म्हणते दृष्ट काढा, बाई म्हणतात आळशी झालाय. दोन्ही खरे नाही. झोपेची आणि जागेची वेळ मेंदूच सांभाळतो. त्याला मार बसला की घडी विस्कटते, आणि जखम भरल्यावरही कित्येक महिने तशीच राहू शकते. झोप अपुरी पडली की डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा वाढतो. म्हणून झोप हा उपचाराचाच भाग. डिस्चार्जच्या कागदावर मात्र गोळ्यांच्या वेळा असतात, झोपेची ओळ बहुधा नसतेच.

नायगावच्या एका चाळीत आम्ही आईला वही घालायला सांगितली. तिला लिहिता येत नव्हते, थोरलीने लिहिले: कधी निजला, किती वेळा उठला, दिवसा किती झोपला. आठवड्यात कळले, पोरगा दुपारी दोन ते सहा झोपत होता, उठून चहा, मग अंथरुणात मोबाइल. आधी सकाळ बदलली. रविवार असो की सुट्टी, सातला उठवायचे आणि गॅलरीत उजेडात बसवायचे. दुपारची झोप तीनच्या आत, अर्धा तास. चहा बंद. निजण्याआधी तासभर मोबाइल नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते.

स्वतंत्र खोली कुठून आणायची, हा प्रश्न रास्तच. बीडीडीची जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिथे भिंतीकडचा कोपरा, दोरीवर चादर आणि टीव्हीचा आवाज कमी, एवढे जमते. बाहेरच्या आवाजाचे काय? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. सणावाराला मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, बाकीच्या रात्री नाही. हे मंडळांना सांगताना आपल्या जयंतीचा डीजेही आलाच. आम्ही सांगितले, थोडी बोलणी खाल्ली.

मेडिकलमधून गुंगीचे सर्दीचे सिरप आणून पाजू नका. त्याने सकाळी आणखी सुस्ती येते. मेलाटोनिनही डॉक्टरांनी ठरवल्यावरच. फिटच्या गोळ्यांनी झोप किंवा स्वभाव बदलू शकतो, पण त्या मनाने बंद केल्या तर फिट येते. मूल जोरात घोरते, श्वास अडखळतो, झोपेत हातपाय झटकते, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. केईएम किंवा वाडियाच्या ओपीडीत जाताना तो दाखवा, वहीही न्या. डॉक्टरांना पाच मिनिटे असतात, वहीमुळे ती कामी येतात.

मात्र मूल हलवूनही उठत नसेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, फिट आली किंवा डोकेदुखी वाढतच गेली, तर ती झोपेची तक्रार नाही. ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर टॅक्सी करून थेट कॅज्युअल्टीत न्या.