बाबा, पोराला एकदा घाटात पाठवा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन दोन आठवडे तापलेला असतो. पलूस, कोरेगाव, तासगाव, वाई. गाव बदलतं, प्रश्न तोच. ‘मॅडम, कॉम्प्युटर घ्यावं की एआय-डेटा सायन्स?’ सीईटीला किती पडले विचारलं की आकडा हळू आवाजात येतो. गणित आवडतं का, यावर शांतता. त्यानं आजवर एक ओळ तरी कोड लिहिलाय का, तर ‘ते कॉलेजात शिकवतीलच की.’ मग हीच शाखा का? कारण साडूच्या मुलाला ती मिळाली. एके काळी याच घरांतून मेकॅनिकलसाठी असेच फोन यायचे. ती मुलं आज काय करतात, हे त्या घरांनीच जरा आठवून बघावं.

ज्याला गणित आणि तर्क मनापासून आवडतात त्यानं खुशाल कॉम्प्युटरला जावं. डॉक्टर व्हायचं असेल तर नीट आहे. पण तिसऱ्यांदा ड्रॉप घ्यायची वेळ आली असेल तर थांबा. फार्मसी, नर्सिंग, कृषी, बी.कॉम., स्पर्धा परीक्षा यांचे फलक कराडच्या कोल्हापूर नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत लागलेले आहेत, त्यांची वकिली मी करायला नको. मला बोलायचंय ते ज्या विषयाचा फलक कुठेच नसतो त्याबद्दल. भूशास्त्र, म्हणजे जिऑलॉजी. त्यातही पहिल्या वर्षी मुलांना शिकवलं जाणारं फील्डवर्क, कारण हा विषय आपल्या मुलाला झेपेल का, हे तिथंच कळतं.

बहुतेक पालकांना माहीतही नसतं की हा विषय शिकायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. कराडच्या विद्यानगरमध्ये यशवंतराव चव्हाण कॉलेज ऑफ सायन्समध्ये भूशास्त्र विभाग आहे. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय आहे, डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १९१९ साली सुरू केलेलं. तिथंही हा विषय आहे. एसटीच्या पासावर जाऊन-येऊन शिकता येईल इतक्या जवळ. यंदा जागा किती आणि कोणत्या विषयांबरोबर तो घेता येतो, हे ऑफिसात स्वतः जाऊन विचारा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या तक्त्यावर विसंबू नका.

फील्डवर कसं शिकवतात ते जरा सविस्तर सांगते, कारण पालकांच्या डोळ्यांपुढं ‘सहल’ येते. साताऱ्याहून यवतेश्वर घाट धरला की शहरापासून कासच्या पठारापर्यंत साधारण पाचशे मीटर उंची चढते. रस्त्यासाठी फोडलेली दरड हीच पोरांची प्रयोगशाळा. लाव्हाचे थर एकावर एक, आणि पठारावर जांभ्याचं झाकण. मुलाच्या हातात हातोडा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, क्लायनोमीटर कंपास, एका छोट्या बाटलीत विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० मापाचा नकाशा, ज्याला सगळे टोपोशीट म्हणतात. कराडची शीट ४७ के मालिकेत सापडते, सांगलीची ४७ एल मध्ये.

पहिला प्रश्न असतो: तू उभा कुठे आहेस, ते नकाशावर दाखव. मोबाइल काढायचा नाही. एकीकडं अजिंक्यतारा, दुसरीकडं जरंडा; दोन्हींची दिशा कंपासवर मोजायची, नकाशावर त्या खुणांपासून उलट रेषा ओढायच्या, रेषा छेदतील तिथं तू. पहिल्या प्रयत्नात निम्मी मुलं समोरच्या डोंगरावर जाऊन उभी राहतात. काहींची सुई भलतीकडंच वळते, कारण लोखंडी हातोडा कमरेला तसाच असतो, नाहीतर मोटारसायकलला टेकून दिशा मोजणं चाललेलं असतं.

मग दगड. वहीत बहुतेक जण लिहितात, ‘काळा दगड, खूप कठीण.’ शिक्षक ते खोडायला लावतात. ताजा फोडलेला रंग कसा, उघड्यावर राहिलेला कसा? कण डोळ्याला दिसतात का? भोकं आहेत का, गोल की लांबट, आणि त्यांत काय भरलंय? पांढरं दिसलं की मुलं लगेच ‘कॅल्साइट’ म्हणतात. आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसलं तर कॅल्साइट. काहीच झालं नाही तर चाकूनं ओरखडा काढायचा. चाकू चालला नाही तर बहुधा क्वार्ट्ज, चालला तर झिओलाइट असण्याची शक्यता. दिसलं ते एका पानावर आणि त्यावरून काय वाटलं ते समोरच्या पानावर, असा कडक नियम असतो. वही पेन्सिलीनं लिहायची, कारण पावसात शाई जाते. नमुन्यावर, पिशवीवर आणि वहीत एकच नंबर घालायचा. नंबर विसरला तर तो दगड घाटातच टाकून यायचा, कितीही सुंदर असला तरी.

आपल्याकडचे थर जवळजवळ आडवे. त्यामुळं डिप आणि स्ट्राइक, म्हणजे थर कुठल्या बाजूला किती कललाय ते मोजायची खरी सवय इथं पुरेशी होत नाही. त्यासाठी बागलकोटकडं, कलादगीचे कललेले आणि दुमडलेले थर बघायला जावं लागतं. इथं मुलं दुसरंच काही शिकतात: एक थर कुठं संपतो, दुसरा कुठं सुरू होतो आणि तो सांधा किती उंचीवर आहे. दोन थरांच्या मध्ये अनेकदा विटकरी-लाल मातकट पट्टा असतो. एक लाव्हा निवल्यावर त्याचा पृष्ठभाग उघडा पडून कुजला, मग वरून दुसरा आला, म्हणून हा पट्टा. साताऱ्याची पोरं लहानपणापासून या लाल पट्ट्यांवरून एसटीनं गेलेली असतात. पाहिलेला मात्र एखाद्यानंच असतो.

जगातले भूशास्त्रज्ञ ते बघायला इथं येतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाला त्यांनी थरांप्रमाणे नावं दिली, ती अशी: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. या तिन्हींसकट वरच्या गटाला नाव आहे ‘वाई’. डायनासोर संपले त्यात या लाव्हाचा वाटा किती, यावर मोठा वाद आहे. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दख्खनच्या लाव्हाचं वय काढणारे दोन अभ्यास एकदम आले. त्यातल्या एका गटानं वय काढलं ते लाव्हांच्या मधल्या लाल थरांत सापडलेल्या झिरकॉनच्या कणांवरून. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत आंबेनळीचं नाव रोज घेतलं जातं आणि वाईच्या मुलाला त्याचे वडील पुण्याच्या हॉस्टेलवर पाठवताना म्हणतात, ‘इथं काय ठेवलंय?’

आता पोटापाण्याचं बोलू. हा लाल थर बहुधा चिकणमातीसारखा, पाणी सहज खाली जाऊ न देणारा. वरून झिरपलेलं पाणी तिथं अडतं आणि डोंगरउतारावर झरा होऊन बाहेर येतं. जावळी-पाटणच्या कितीतरी वाड्यांचं पिण्याचं पाणी अशा सांध्यांवर अवलंबून आहे. तेच पाणी धो धो पावसात दरडही सैल करतं. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून काय झालं ते जिल्ह्यानं पाहिलंय. अशा जागी कुठली वस्ती हलवायची, कुठली ठेवायची, हे सांगायला कुणीतरी पायी चढून, तडे मोजून, नकाशावर मांडावं लागतं.

सांगलीच्या पूर्वेला दुसरी गोष्ट. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. तिथं अजून पाणाडी येतो, तळहातावर नारळ उभा राहतो आणि बोअरची गाडी बोलावली जाते. विट्याजवळच्या एका शेतकरी बाबांनी माझ्यासमोर हिशेब मांडला होता: चार बोअर, चारही कोरडे, आणि त्याच पैशांतून मुलाला ‘डेटा सायन्स’ला घालायचं राहिलेलं. मुरूम किती खोल, खाली मांजऱ्या लागतो की सरळ काळा पाषाण, भेगा कुठं आहेत, शेतातून एखादी डाइक, म्हणजे भेगेत लाव्हा थिजून झालेली उभी भिंत, जाते का. हे बघणारा माणूस त्यांच्या पंचक्रोशीत नव्हता. त्यांना मी म्हटलं, तुमच्या पोराला हेच शिकवू या का? ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

आणि कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आजी-आजोबांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलाय. धरणाच्या जलाशयामुळं भूकंप होऊ शकतो, या प्रश्नाच्या अभ्यासात कोयनेचं नाव जगभर घेतलं जातं. त्यासाठी पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आलं. सुमारे सव्वा किलोमीटर लाव्हा, आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक. या कामासाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. कराडमधल्या किती पालकांनी तिचा बोर्ड वाचलाय?

आता कटू भाग. नुसत्या बी.एस्सी. जिऑलॉजीवर फारसं काही मिळत नाही, एम.एस्सी. धरून चाला. त्यासाठी विद्यापीठं आहेत, आणि जॅम परीक्षा देऊन आयआयटीही आहे. जॅमची माहितीपुस्तिका पहिल्याच वर्षी वाचा, कारण कुठल्या अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतात ते शेवटच्या वर्षी कळून उपयोग नसतो. नंतर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यातून १८५१ पासून चालत आलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात वर्ग एकची पदं मिळतात. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, हे खास ‘पॅकेज किती’वाल्या काकांसाठी. जागा थोड्या, परीक्षा अवघड. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, नागपूरला भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे. तिथली भरती कधी निघेल याच्या भरवशावर लग्न ठरवू नका. खाजगीत बोगदे, धरणं, महामार्ग, खाणी. बोगद्यात प्रत्येक स्फोटानंतर उघडा पडलेला खडक बघून नोंदवायला भूशास्त्रज्ञ लागतो. मग नोकरी ओडिशात, छत्तीसगडमध्ये, हिमालयात. घरापासून लांब, उन्हात, तंबूत. ज्याला हे नको त्यानं या वाटेला येऊ नये. एवढंच म्हणते की नको आहे का, हे त्याला ठरवू द्या.

कारण माझ्यासमोरच्या खुर्चीत मूल बसतं आणि उत्तरं बाबा देतात. मुलीला विचारते, शाळेत काय आवडायचं? बाबा सांगतात, ‘तिला कॉम्प्युटर आवडतं.’ मुलगी बोटांनी ओढणीचं टोक गुंडाळत असते. दुसऱ्यांदा मी बाबांना बाहेर चहाला पाठवते. तेव्हा कळतं, तिला भूगोलाचे नकाशे काढायला आवडतात, गडावर जायला आवडतं, आणि एआय म्हणजे नेमकं काय ते तिला कुणी सांगितलेलं नाही. बाबा परत आले की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मुलीनं रानोमाळ हिंडायचं म्हणजे…’ बाबा, तुमच्याच शेतात ती सुट्टीभर भांगलणीला येते, उसाला पाणी द्यायला रात्रीची लाईट असली की कंदील धरून तुमच्याबरोबर उभी असते. तेव्हा रान चालतं. दिवसाढवळ्या शिक्षकांबरोबर, वीस जणांच्या तुकडीत घाट चढायला मात्र तिनं नाजूक व्हायचं? १९८३ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी सुदीप्ता सेनगुप्ता भूशास्त्रज्ञ होत्या. दुसऱ्या, आपल्या नागपूरच्या अदिती पंत, समुद्रशास्त्रज्ञ.

काळजी करायचीच असेल तर योग्य गोष्टींची करा. फील्डवर शौचालयाची सोय काय, सोबत शिक्षिका आहेत का, घाटात मुलं वळणावर उभी करतात की सरळ रस्त्यावर, हातोडा मारताना डोळ्यांना चष्मा लावायला लावतात का, जोराच्या पावसात दरडीखाली नेतात का. हे प्रश्न विभागात जाऊन विचारा. चांगला विभाग त्यांची उत्तरं आनंदानं देतो. ‘प्लेसमेंट किती टक्के’ हा प्रश्न त्यानंतर.

आणखी एक. काही मुलांना हा विषय मुळीच जमत नाही, आणि ते पहिल्याच फील्डला दिसतं. चिखल नको, वही नीट ठेवायची नाही, शिक्षकांनी सांगितलेलं तसंच्या तसं उतरवायचं. अशा मुलाला माझा लेख वाचून जिऑलॉजीत ढकलू नका. तोही दबावच झाला, फक्त माझ्या नावावर. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला वेगळे श्रेयांक आहेत, तेव्हा दुसरा मुख्य विषय घेऊनही थोडी चव घेता येते का, ते कॉलेजात विचारा.

खर्चाचं विचारणारे बरेच असतात. प्रवेशाआधीच साठ-सत्तर हजारांचा लॅपटॉप घ्यायची घाई नको, पहिल्या वर्षी त्याच्याविना अडत नाही. कंपास आणि हातोडा सुरुवातीला विभागाकडून मिळतो का ते बघा. भिंग स्वतःचं घ्या, दोरी लावून गळ्यात अडकवता येईल असं. वही जाड पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. घोट्यापर्यंत येणारे बूट घ्या, पण पोराला दुकानात सोबत नेऊन, दोन मोजे घालून बघा. ऑनलाइन मागवलेले बूट यवतेश्वरच्या पहिल्या वळणावर चावायला लागतात.