शेर आणि निवडुंग

धाराशिव जिल्ह्यातून बालाघाटाचे डोंगर गेलेले आहेत. येथे पाऊस बेताचाच पडतो. वैशाखात माळावरचे गवत करपते, ओढे कोरडे पडतात. परंतु बांधावरचे शेर व त्रिधारी निवडुंग मात्र हिरवेगार असतात. हे कसे घडते?

पानांवाटे झाडाचे पुष्कळ पाणी उडून जाते. शेराची पाने चिमुकली असतात व लवकरच गळतात. मग अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोडच करते. खोडात पाण्याचा साठाही असतो. त्यावरील सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटलेली असतात. रात्री हवा थंड झाली म्हणजे ती उघडतात. त्यामुळे पाण्याची बचत होते.

शेराची फांदी मोडताच पांढरा चीक वाहू लागतो. तो घट्ट होऊन झाडाची जखम बुजवतो. हा चीक दाहक असल्याने गुरे शेरास तोंड लावीत नाहीत. म्हणूनच शेतकरी त्याचे कुंपण करतात. चीक डोळ्यात गेल्यास भयंकर आग होते, दृष्टीलाही धोका पोचतो. अशा वेळी डोळा न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

फड्या निवडुंगालाही काटे व मांसल खोड असते. म्हणून लोकांनी त्यालाही निवडुंगच म्हटले. परंतु तो मूळचा अमेरिकेतील, निराळ्या कुळातला. त्याच्या फड्यातून दुधासारखा चीक निघत नाही. त्याचे फूल मोठे व अनेक पाकळ्यांचे असते. त्रिधारी निवडुंगाचे जे एक फूल वाटते, तो वस्तुतः फुलांचा समूह होय. इवल्याशा पेल्यात मधोमध एक स्त्रीपुष्प व भोवती अनेक पुंपुष्पे असतात. प्रत्येक पुंपुष्प म्हणजे केवळ एक पुंकेसर!

आता पायवाटेवर उगवणारे दुधी नावाचे रानरोप पाहा. त्याला काटे नाहीत, मांसल खोड नाही. तरी चीक तसाच, फुलांचा पेलाही तसाच. शेर, त्रिधारी निवडुंग व दुधी ही एकाच प्रजातीतील भावंडे होत. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याच्या १७५३ सालच्या ग्रंथात या प्रजातीचे ‘युफोर्बिया’ हे नाव आढळते. शेतातला एरंडही याच कुळातला.

कोरड्या हवेने दोन परक्यांना सारखे रूप दिले. त्यांचे खरे नाते मात्र फुलांवरून कळले. म्हणून वनस्पतींची ओळख केवळ वरवरच्या रूपावरून करू नये.

स्वाध्याय
१. शेर उन्हाळ्यातही हिरवा कसा राहतो?
२. चीक डोळ्यात गेल्यास काय करावे?
३. त्रिधारी व फड्या निवडुंग यांतील फरक सांगा.