पपनसाच्या सालीचे मार्मालेड

पपनस तुम्हाला सर्वांना ठाऊक आहे. कोणी त्याला तोरिंजन म्हणतात. गणपतीत काही घरी माटवीला टांगतात. आपण आतल्या फोडी खातो आणि बोटभर जाडीची साल गोठ्याच्या मागे फेकून देतो. झाडाखाली पडून कुजणारी फळे तर कितीतरी! या सालीपासून एक पदार्थ होतो, तो असा की साखर नीट पडली तर महिनोन् महिने टिकतो, आणि कमी पडली तर आठ दिवसांत बुरशी येऊन साखर, फळ, सरपण सगळेच फुकट जाते. म्हणून कृतीबरोबर कारणेही समजून घ्या.

लिंबाच्या जातीच्या फळांचा सालीसकट केलेला मुरंबा म्हणजे मार्मालेड. नावाची गंमत पाहा. पोर्तुगीज भाषेत ‘मार्मेलो’ हे एका वेगळ्याच फळाचे नाव. त्याच्या घट्ट वडीला ते मार्मेलाद म्हणत. पुढे इंग्रजांनी ते नाव कडू संत्र्याच्या पाकाला दिले. स्कॉटलंडातील डंडी गावच्या कीलर कुटुंबाने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा मोठा धंदा उभा केला. आपला ‘मुरंबा’ही दुरूनच आला, अरबी ‘मुरब्बा’वरून. आपल्याकडे संत्री नागपूर-अमरावतीकडून येतात, विकत घ्यावी लागतात. पपनस परसात असते. मग तेच का घेऊ नये?

साधारण १ किलोचे एक पपनस आणि ४ लिंबे घ्या. वरची पिवळी साल सुरीने पातळ सोलून तिचे काडीसारखे बारीक तुकडे करा. हे तुकडे पाण्यात १० मिनिटे उकळून पाणी ओतून द्यायचे. असे तीन वेळा. म्हणजे कडूपणा निघतो. थोडा राहिला तर राहू दे, मार्मालेड जरासे कडवट हवेच, नाही तर ते नुसता साखरेचा पाक! तुकडे बोटांनी चिरडतील इतके मऊ झाले पाहिजेत, कारण साखर पडल्यावर साल पुढे शिजत नाही, उलट चिवट होते.

आता आतला पांढरा गर. ‘पेक्टिन’ नावाचा पदार्थ त्यात आणि बियांत भरपूर असतो. त्यानेच पाक खरवसासारखा धरतो. दोन मुठी पांढरा गर चिरून, बियांसह स्वच्छ फडक्यात पुरचुंडी बांधा. फोडी सोलून निम्म्या बाजूला ठेवा. त्या पोरांनी ताज्याच खायच्या, कारण शिजवल्यावर क जीवनसत्त्व बरेचसे नाहीसे होते. उरलेल्या निम्म्या फोडी आणि पुरचुंडी १ लिटर पाण्यात पाऊण तास मंद शिजवा. पुरचुंडी थंड करून घट्ट पिळा. जो बुळबुळीत चीक येतो तोच पेक्टिन, तो टाकू नका बरं का. पातेले स्टीलचे किंवा कल्हईचे घ्या. आंबट रस साध्या तांब्या-पितळेत कळकतो.

सालीचे तुकडे त्यात घालून सगळे वजन करा. समजा ८०० ग्रॅम भरले, तर साखरही ८०० ग्रॅम आणि चारही लिंबांचा रस. आंबटपणाशिवाय पेक्टिन धरत नाही. साखर विरघळेपर्यंत आच मंद ठेवा, मग मोठी करा. हे काम मोठ्या माणसांनीच करावे, मुलांनी चुलीपासून दूर उभे राहून पाहावे. पाक उकळत्या पाण्याहून तापलेला, सुमारे १०४ ते १०५ अंशांवर असतो. अंगावर उडाला की चिकटून बसतो आणि खोल भाजतो.

झाले की नाही कसे ओळखायचे? थंड बशीत थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला. सुरकुती पडली की उतरवा. दुसरी परीक्षा गणिताची. जंतूंना वाढायला पाणी लागते. साखर ते धरून ठेवते, त्यांच्यातलेही ओढून घेते. लोणच्यात मीठ हेच काम करते. मार्मालेडमध्ये सुमारे ६५ टक्के साखर असावी. ८०० ग्रॅम साखर म्हणजे तयार माल सव्वा किलोच्या आसपास. दीड किलो भरला तर पाणी जास्त राहिले, पुन्हा आटवा.

फेस काढून १० मिनिटे थांबा. थोडे घट्ट झाले की ढवळा, मग तुकडे वर तरंगत नाहीत. उकळून कोरड्या केलेल्या कोमट बरण्या लाकडी पाटावर ठेवून गरम असतानाच भरा. थंड फरशीवर काच तडकते. पावसाळ्यात आपल्याकडची हवा ओलसर, म्हणून चमचा नेहमी कोरडा हवा. बुरशी दिसलीच तर वरवर खरवडू नका, सगळी बरणी टाका.

पोळी, भाकरी, घावन, कशाबरोबरही चालते. मात्र मधुमेह असलेल्यांना देऊ नये. तसेच रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी पपनसाचे जमत नाही. घरात कोणी अशा गोळ्या घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सातवीच्या मुलांसाठी: ६०० ग्रॅम साखर घातली, तर ६५ टक्क्यांच्या हिशोबाने तयार मार्मालेड किती ग्रॅम भरेल? रीत वहीत लिहून आणावी.